अकरा आणि बाराच्या मध्ये

"अकरा झालं. आता बारा सांग," धाकटा भाऊ म्हणाला आणि पेनाचं टोपण दातांत धरून थांबला.

सिस्टर खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. अकरापर्यंतची घरं त्यांनी सकाळपासून भराभर सांगितली होती. एक नंबरात दिवे दुरुस्त करणारा राहायचा. गावभर त्याने उजेड केला, पण त्याची स्वतःची बायको मेणबत्ती लावून भाजी चिरायची. चारमधल्या दोन जावा अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते मांजराला सांगायच्या, मोठ्याने. मांजर मेलं तेव्हा दोघी मिळून रडल्या आणि रडता रडताच पुन्हा भांडायला लागल्या, या खेपेला समोरासमोर. नऊमधला माणूस बोटीवर नोकरीला होता आणि दर सुट्टीत एक खुर्ची घेऊन यायचा. आठ खुर्च्या झाल्या आणि नवव्या वर्षी तो आलाच नाही. अकरामध्ये भट्टीवाला. त्याच्या पावाच्या वासाने गल्लीला जाग यायची.

"खुर्च्यांचं लिहिलंस?"

"लिहिलं. मांजराचंही लिहिलं. तू पुढे चल, ताई. बारा."

"बारा म्हणजे न्हावी," सिस्टर म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "थांब."

भाऊ थांबला. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, थांबणं त्याला चांगलं जमायचं. सिस्टरांच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली होती.

रस्ता रुंद होणार होता, आणि त्यात ही गल्ली जाणार होती. अख्खी. घरं सोडणाऱ्या प्रत्येकाला टेकडीवर जागा मिळणार होती, आणि गल्लीची आठवण म्हणून गावाने तिच्या घरांचा छोटा इतिहास छापायचं ठरवलं होतं. लिहिणार भाऊ, सांगणार सिस्टर. त्यांच्याइतकी ही गल्ली कुणाला ठाऊक नव्हती. एकतर जन्म इथला, शेवटच्या तेवीस नंबरातला. शिवाय आरोग्य केंद्राच्या नोकरीत त्यांनी इथल्या प्रत्येक दारात उभं राहून मुलांच्या तोंडात पोलिओचे थेंब टाकले होते. आणि दारांवरचे हे नंबरही त्यांनीच घातले होते. वरच्या टोकाला तेव्हा एक चावरा कुत्रा होता, म्हणून त्यांनी खालच्या टोकापासून सुरुवात केली होती, आणि म्हणून आजही गल्लीचा एक नंबर खालच्या टोकाला होता. पुढे पंचायतीने घरांची नोंद करायला घेतली तेव्हा आरोग्य केंद्राचीच यादी उचलली. कुत्र्याने ठरवलेला क्रम सरकारी झाला.

पुस्तक निघेल त्याच दिवशी सिस्टरांचा सत्कार होता. केंद्राच्या नव्या इमारतीतल्या लसीकरणाच्या खोलीला त्यांचं नाव देणार होते.

खालून आरडाओरडा ऐकू आला. आवाज ओळखीचा होता. गल्लीच्या मध्यावरची गादीवाली.

"मग मी बसलेय कुठे? आभाळात?"

"बाई, मी कुठे म्हणतो घर नाही? मी म्हणतो, यादीत नाही." हा मोजणीला आलेला साहेब असणार.

"यादीत नाही तर पाडू नका!"

"पाडावं तर लागणारच. रस्त्यात येतं ना ते."

"वा! पाडायला दिसतं, बदल्यात जागा द्यायला दिसत नाही. आधी डोळे तपासून घ्या, मग या मोजायला!"

भाऊ हसला. "जीभ बघ कशी आहे. दोन दिवस झाले, चाललंय हे. तिच्या घराला म्हणे नंबरच नाही. वीजही भट्टीवाल्याच्या मीटरवरून घेतलेली, पत्रं त्याच्याच पत्त्यावर यायची. एक कागद नाही गं बाईकडे. चाळीस वर्षं झोपा काढल्या असतील." त्याने टोपण दातांतून काढलं. "हं. बारा न्हावी. पुढे?"

सिस्टरांनी मटारचं ताट खाली ठेवलं.

"झोपा तिने नाही काढल्या," त्या म्हणाल्या. "शिडी आण. माळ्यावरच्या वह्या काढायच्यात."

*

बेचाळीस वर्षांपूर्वीची ती पहिली फेरी सिस्टरांना अजून जशीच्या तशी आठवत होती. वय तेवीस. एका खांद्याला थेंबांची थंड पेटी, दुसऱ्या हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. नियम असा होता: आधी चौकटीशेजारी नंबर, मग मुलांना थेंब, मग वहीत नोंद. पेटीतला बर्फ संपायच्या आत फेरी संपली पाहिजे, कारण गरम झालेले थेंब म्हणजे नुसतं गोड पाणी.

अकरा नंबर घालून त्या पुढच्या दाराशी आल्या तेव्हा चार वाजून गेले होते आणि पेटीत बर्फापेक्षा पाणी जास्त होतं. दार बंद होतं. त्यांनी कडी वाजवली.

"घरात कुणी नाही," आतून बाई म्हणाली.

"तुम्ही आहात ना?"

"मीही नाही."

मग दार दोन बोटं उघडलं. फटीत एक डोळा दिसला. "बाई, तुम्ही वहीत लिहिलंत की माणसं येतील. ह्यांना घेऊन जातील." ह्यांना म्हणजे तिच्या नवऱ्याला. त्याला महारोग झाला होता. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. भट्टीवाल्याने तर भट्टीच्या मागच्या भिंतीतल्या चार विटा काढून तिथे पातळ पत्रा बसवला होता, पलीकडे खाट लावलेल्या माणसाला ऊब मिळावी म्हणून. आत कुठेतरी एक लहान मूल चमच्याने ताटली वाजवत होतं.

सिस्टर ओला ब्रश हातात धरून उभ्या राहिल्या. मग न्हाव्याच्या दाराशी गेल्या आणि तिथे बारा लिहिलं.

वहीत मात्र अकरा आणि बाराच्या मधल्या ओळीवर त्यांनी पेनाने एक ठिपका दिला. कशासाठी ते त्यांनाही कळलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "एकही घर सुटलं नाही ना?" तेव्हा त्या नाही म्हणाल्या. पूर्ण तालुक्यात शंभर टक्के फेरी फक्त त्यांची होती. त्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं. आईने ते काचेत बसवून आणलं आणि दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं.

त्या दिवशी मनात दया किती होती, भीती किती होती आणि बर्फ वितळतोय म्हणून घाई किती होती, याचं वजन सिस्टरांना आजपर्यंत नीट करता आलं नव्हतं. चूक एकदाच झाली होती. पण पुढच्या फेऱ्या नंबरांच्या यादीप्रमाणे करायच्या असत, आणि यादी अकरावरून बारावर जायची. पाय यादीप्रमाणे चालायचे. त्या दर वेळी वहीत तिथे एक ठिपका द्यायच्या. दुसऱ्या फेरीनंतर सात आठवड्यांनी त्या घरातल्या मुलीला ताप आला. ताप गेला, पण डावा पाय घेऊन गेला.

थेंब घेऊनही काही थोड्या मुलांना तो आजार होतोच. हे खरं होतं. त्या थोड्या मुलांच्या आड सिस्टर चाळीस वर्षं उभ्या होत्या.

*

"हे बघ," भाऊ शिडीवरूनच म्हणाला, "दया केलीस ना? नवऱ्याला धरून नेलं असतं तिच्या. मग झालं तर. आता ती जुनी मढी कशाला उकरतेस?"

"तिला जागा मिळणार नाही."

"मिळेल काहीतरी. साहेबाला मी सांगतो. पण तुझं नाव यायला नको. पुढच्या महिन्यात सत्कार, कार्डं छापून झालीत. लोक काय म्हणतील? म्हणतील, जिने पोलिओचं दार चुकवलं तिच्या नावाची खोली!"

"बरोबर म्हणतील."

"ताई, तू अशी बोललीस की मला तुझी भीती वाटते."

"वाटू दे. मोज, किती वह्या आहेत?"

त्याने मोजल्या. सत्तावीस. तेरा वर्षांच्या फेऱ्या. नंतर लोकच केंद्रात यायला लागले. सिस्टरांनी त्या कापडी पिशवीत भरल्या. मग स्टुलावर चढून प्रशस्तिपत्रकही खिळ्यावरून उतरवलं. मागच्या भिंतीचा चौकोन उजळ राहिला होता.

"ते कशाला?" भाऊ म्हणाला.

"पुरावा म्हणून."

*

गादीवाली उंबऱ्याजवळ बसून एका गादीच्या कोपऱ्यात दाभण घालत होती. डावा पाय लांब पसरलेला, उजवा दुमडलेला. सगळ्या खोलीत कापूस.

"या, सिस्टर. बसा. त्या गादीवर नको, ती गिऱ्हाइकाची आहे."

सिस्टर उभ्याच राहिल्या. "तुझं घर यादीत नाही ते माझ्यामुळे. नंबर मी घातला नाही."

"बरं."

"आणि घातला नाही म्हणून थेंबही—"

दाभण थांबलं. "पायाचं म्हणताय?"

"हो."

"ते मला ठाऊक आहे. आई सांगायची." गादीवालीने दोरा ओढून गाठ मारली. "तुम्ही आला होतात आणि तिने दार उघडलं नाही. मरेपर्यंत तेच. मी पायरी चढताना धडपडले की दुसरीकडे तोंड फिरवायची आणि म्हणायची, मीच दार उघडलं नाही."

"दार दोन बोटं उघडलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आत ताटलीचा आवाज येत होता. तू वाजवत होतीस. मूल आहे हे मला कळलं होतं, आणि मी पुढे गेले. तुझ्या आईने यादीत लिहू नका म्हटलं होतं. थेंब देऊ नका, असं ती म्हणाली नव्हती. नंबर न घालताही मला थेंब देता आले असते."

गादीवालीने मारलेली गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. रस्त्यावरून कुणी तरी सायकल हातात धरून गेलं. चाकाची कटकट दूरपर्यंत ऐकू आली.

"हे तिला सांगायला हवं होतं तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "मला नाही. तिला."

"हो."

"चार गावं सोडून तर राहत नव्हतात. अकरा घरं सोडून. गल्ली एकच."

"हो."

"रडू नका हं इथे. कापूस ओला होतो."

"मी रडत नाहीये."

"मग माफीबिफी ठेवा तुमच्याजवळ." तिने दाभण गादीत खोचून ठेवलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. "मला नंबर द्या."

*

मोजणीचं ऑफिस शाळेच्या बंद वर्गात होतं. फळ्यावर कुणी तरी काढलेला पृथ्वीचा छेद अजून तसाच होता. साहेब तरुण होता, विनयशील होता, आणि दोन दिवसांत गादीवालीला पुरता घाबरला होता. तिला पाहताच त्याने पाण्याचा ग्लास स्वतःकडे ओढून घेतला.

सिस्टरांनी सगळं सांगितलं. चढ नाही, उतार नाही. जसं केंद्रात आजाऱ्याची माहिती सांगत तसं. मग एक वही उघडून त्याच्यासमोर ठेवली.

साहेबाने वाकून पाहिलं. "हा ठिपका आहे."

"हो."

"बाई, ठिपका म्हणजे घर नव्हे. शाईचा डागही असू शकतो."

सिस्टरांनी दुसरी वही उघडली. तिसरी. चौथी. टेबल भरलं तशा त्या बाकांवर वह्या मांडत गेल्या. सत्तावीस वह्या, सत्तावीस पानं, अकरा आणि बाराच्या मध्ये सत्तावीस ठिपके.

"एकदा पडला तर डाग," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वेळा त्याच ओळीवर डाग पडत नाही, साहेब. इतर कुठे एकही ठिपका सापडला तर दाखवा, मी वह्या उचलून घरी जाते."

साहेबाने खरंच शोधला. प्रामाणिक मुलगा होता. पानं उलटून उलटून पाहिली. सापडला नाही.

"पण सिस्टर, मला जबाब लिहून घ्यावा लागेल. म्हणजे, तुम्ही जाणूनबुजून घर वगळलंत आणि खोटं सांगितलंत, असा. सहीसकट." त्याचा आवाज खाली आला. "तुमचा कार्यक्रम आहे ना पुढच्या महिन्यात? मला पण कार्ड आलंय."

"जपून ठेवा. मागे काही लिहायला उपयोगी पडेल." सिस्टरांनी पिशवीतून प्रशस्तिपत्रक काढून वह्यांवर ठेवलं. "यावर शंभर टक्के लिहिलंय. हे खोटं आहे. तेही लिहून घ्या."

"तुमच्यावर काही कारवाई..."

"काय कराल? नोकरीवरून काढाल? निवृत्त होऊन सात वर्षं झाली. लिहा."

तो लिहू लागला. सिस्टर शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. 'अनवधानाने' असा शब्द आला तिथे त्यांनी बोट ठेवलं. "हे खोडा. अनवधान नव्हतं."

त्याने खोडलं. त्यांनी सही केली.

"ठीक. अकराच्या पुढे हे घर घेऊ. 'अकरा-अ'." साहेबाला सुटल्यासारखं वाटलं. "म्हणजे बाकीचे नंबर हलवायला नकोत."

"अ-बिअ मला नको," गादीवाली म्हणाली.

"बाई, जागा तीच मिळणार. एका अक्षराने काय फरक पडतो?"

"मग तुम्हीच घ्या ते अक्षर. मी कुणाची पुरवणी आहे का? भट्टीवाल्याला शेपूट म्हणून लटकू? बाप आयुष्यभर त्याच्या भिंतीच्या उबेवर जगला, वीज त्याची, पत्ता त्याचा. आता नंबरसुद्धा त्याचाच? अकरानंतर काय येतं? पहिलीतलं पोर सांगेल. बारा."

"बारा न्हावी आहे!"

"न्हावी मरून नऊ वर्षं झाली. त्याची काही हरकत दिसत नाही."

साहेबाने सिस्टरांकडे पाहिलं. मदत मागावी तसं. "अहो, ह्यांना बारा दिलं तर पुढचे सगळे नंबर एकेकाने सरकतील. बारा दारं. तीन महिन्यांनी ती दारंच राहणार नाहीत. आणि यादी जुळायला भिंतीवरचे नंबर बदलावे लागतील. कोण बदलणार?"

"ज्याने घातले तो," सिस्टर म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या काळा रंग, पांढरा रंग आणि दोन ब्रश घेऊन निघाल्या. पांढऱ्याने जुना आकडा झाकायचा, सुकला की काळ्याने नवा घालायचा. भाऊ रात्रीपासून बोलत नव्हता. सत्काराच्या मंडळींचा निरोप आला होता, की कार्यक्रम तूर्त पुढे ढकलला आहे. 'तूर्त' हा शब्द भावाने दोनदा वाचून दाखवला होता, आणि बोलणं बंद केलं होतं ते त्यानंतर.

गादीवालीच्या चौकटीशेजारची भिंत कोरी होती. तिथे झाकायला काही नव्हतंच. सिस्टरांनी पहिला ब्रश तिथे टेकवला. गादीवाली कमरेवर हात ठेवून बघत होती.

"जरा मोठा काढा. इतरांच्यापेक्षा."

"सगळे सारखे आहेत."

"बेचाळीस वर्षांचा उशीर झालाय. मोठा काढा."

सिस्टरांनी मोठा काढला.

मग न्हाव्याचं घर तेरा झालं. कुलूप होतं; खिडकीतून आतला आरसा दिसत होता. पुढे सायकल शिकवणाऱ्या बाईचं चौदा झालं. गावातल्या निम्म्या बायका तिच्यामुळे सायकलवर बसल्या, आणि ती स्वतः शेवटपर्यंत पायीच फिरली. सोळाच्या दाराशी पोचल्या तेव्हा मागून पावलांचा आवाज आला. भाऊ होता, हातात शिडी आणि ओला फडका.

"ओघळ येतायत तुझे," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा नंबर घालतेस आणि ब्रश अजून नीट निथळत नाहीस."

"मग पूस."

तो पुसत आला. सतरा, अठरा, एकोणीस. काही दारांत माणसं उभी राहून पाहत होती. कुणी तरी म्हणालं, "सिस्टर, पाडणार आहेत हो हे. कशाला दमता?" त्या पुढच्या दाराकडे वळल्या. एकाने मात्र चहा आणून दिला, आणि त्या तो उभ्याउभ्याच प्यायल्या.

शेवटी स्वतःचं दार. तेवीस पांढऱ्याखाली गेलं. रंग सुकायची वाट बघत दोघं पायरीवर बसली.

"पुस्तकाचं काय करायचं?" भाऊ म्हणाला. "अकरा भट्टीवाला, इथपर्यंत लिहून झालंय."

"पुढे लिही. बारा. इथे एक माणूस राहायचा. तो भट्टीच्या भिंतीला पाठ लावून झोपायचा. त्याची बायको." सिस्टर थांबल्या. "तिने दार उघडलं होतं, असं लिही."

"आणि तुझं?"

"माझंही लिही. त्याच पानावर."

भावाने खिशातून कागद काढला, टोपण दातांत धरलं आणि लिहिलं. मग सिस्टर उठल्या आणि त्यांनी आपल्या दारावर चोवीस काढलं.

ब्रश धुवायला नळाकडे जाताना त्यांनी खाली नजर टाकली. दुपार कलली होती. गादीवालीने आपलं बाकडं बाहेर आणलं होतं आणि बाराच्या शेजारी, भिंतीला पाठ न लावता, ताठ बसून ती गादी शिवत होती. भिंतीजवळून कुणी जायला लागलं की दाभण वर करून त्याला बाजूने जायला लावत होती.

तो काळा रंग पूर्ण वाळायला आठ तास लागतात आणि ते भरत आले आहेत हे सिस्टरांना ठाऊक होतं. त्यांनी तिला ते सांगितलं नाही. संध्याकाळी खिडकी लावताना पाहिलं, तर ती अजून बसलेली होती.